पोथीखान्यातील दाभणाची हकीकत

श्री. आठवणीच्या देवतेस नमन आणि विसराच्या देवतेसही नमन, कीं एकीची हद्द जेथे सरे तेथेच दुसरीचा अंमल सुरू होतो, आणि दोघींच्या मध्ये माणूस उभा असतो. राज्यस्थापनेपासून एक्याऐंशीवे वर्ष, सुभानु नाम संवत्सर, चैत्र शुद्ध पंचमीपासून कार्तिकाचे अखेरीपर्यंत पोथीखान्यात जें जाहले तें येथे लिहिले असे.

राज्य लहान, परंतु पोथीखाना थोर. पोथ्या सातशे वीस, फडताळे अठरा, दर फडताळी चाळीस रुमाल, दर रुमालांत बांधिलेली एक पोथी, आणि या सर्वांवर कारभारी गिरमाजीपंत. पंतांचे वय अडुसष्ट. त्यांतील एक्केचाळीस वर्षें याच कामी गेली. पोथ्यांची यादी म्हणोन कागदावर काही नव्हतें. यादी पंतांचे डोक्यांत होती. दरबारची रीत ऐसी होती कीं रविवारी सकाळी महाराजांकडोन प्रश्नाची चिठी पोथीखान्यात यावी आणि सोमवारी पंतांनी भर दरबारी उभे राहोन उत्तर कोणते फडताळी, कोणते रुमाली, कितवे पानी आहे तें सांगावे; मग शिपायाने जाऊन रुमाल आणावा, पान काढावे, आणि तेथे उत्तर असावे. एक्केचाळीस वर्षांत एकदाही चूक जाहली नाही. परगावचे वकील आले म्हणजे महाराज त्यांस हत्ती दाखवीत नसत, पंत दाखवीत.

त्यास दिवाण अंताजी हे हिशेबी गृहस्थ. त्यांनी एके दिवशी दरबारांत काढिले कीं, "पंत, आपण गेलांत म्हणजे पोथीखाना मुका जाहला." पंत म्हणाले, "मी कोठे निघालो आहे, दिवाणजी?" दिवाण म्हणाले, "आज नाही." पंत म्हणाले, "मग आजचें बोलावे." दरबार हंसला, परंतु महाराज हंसले नाहीत, कीं बोलणे खरे होतें.

याच सुमारास पोथीखान्यात बाडें शिवावयास आणि रुमाल सांधावयास म्हाळसाबाई म्हणोन एक बाई होती. नवरा हेच काम करीत होता, तो वारल्यावर दाभण तिचे हातीं आलें. अक्षर वाचीत असे, लिहीतही असे, बोलत थोडें असे. तिचे ध्यानांत एक गोष्ट आली होती. जुने बाड दाभणावर धरोन झटकलें म्हणजे ज्या पानांची भोकें शाबूत तीं दाभणावर राहतात, आणि ज्या पानाचें भोक कडेपर्यंत फाटलें तें खाली गळतें. इतर शिवणारे यास खोड म्हणत. म्हाळसाबाईने मनांत आणिलें कीं पान आपोआप फाटोन गळतें, तर मुद्दाम कातरोन कां गळवूं नये? मग तिने दर पोथीस एक याप्रमाणे पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कातरिल्या, वर पोथीचें नांव लिहिलें, दर चिठ्ठीचे कडेस अठ्ठावीस भोकें पाडिली, आणि एकेका भोकास एकेक विषय नेमिला: पहिलें पाण्याचें, दुसरें पिकांचें, तिसरें घोड्यांचें, चौथें रोगांचें, ऐसें. ज्या पोथींत जो विषय असेल तें भोक कडेपर्यंत कातरोन उघडें करावे. मग चिठ्ठ्यांचा गठ्ठा उभा धरोन घोड्यांचे भोकांतून दाभण घालावे, उचलावे, झटकावे. घोड्यांच्या पोथ्यांच्या चिठ्ठ्या तेवढ्या खाली पडाव्या, बाकीच्या दाभणावर लोंबकळत राहाव्या. पडलेल्यांत पुन्हा रोगांचे भोकांतून दाभण घातलें कीं घोड्यांचे रोग तेवढे पडावे. आणि यांत मौज ऐसी कीं चिठ्ठ्या कशाही मागेंपुढें असोत, अनुक्रमाची गरजच नाही. ढीग करोन टाकिल्या तरी दाभण ओळखतें तें ओळखतेंच. ऐसी युक्ती पुढे दूरदेशीं दुसऱ्यांनीही काढिली म्हणतात. त्याचा दाखला या दप्तरांत नाही.

दिवाणांनी हें पाहिलें आणि महाराजांस दाखविलें, आणि महाराजांची आज्ञा जाहली कीं कोणते पोथींत काय आहे तें पंतांनी सांगावे आणि बाईने कातरावे. पंतांस हें रुचलें नाही, परंतु आज्ञा म्हणोन चार महिने रोज बैसले. पंतांनी डोळे मिटोन सांगावे, "तिसरें फडताळ, नववा रुमाल. पिकें, पाणी, आणि थोडी चहाडी." बाईने विचारावे, "चहाडीचें भोक नाही, पंत." पंतांनी म्हणावे, "मग तुमचें दाभण अर्धी पोथी वाचील." काम पुरें जाहल्यावर दरबारांत दिवाणांनी विचारिलें कीं, दाभण कसें काय वाटलें? पंतांस राग होताच. ते म्हणाले, "दाभणाने गोणी शिवतात, दिवाणजी, ज्ञान नव्हे. ज्या दिवशी मज दाभणास विचारणें पडेल त्या दिवशी पोथीखान्याच्या किल्ल्या येथे या पायरीवर ठेवीन." महाराजांनी ऐकिलें, दरबाराने ऐकिलें, आणि चिटणिसाने लिहोन ठेविलें.

यानंतर तिसरे रविवारीं चिठी आली कीं विहिरीचें खारें पाणी गोडें कसें करावे. पंत फडताळांपुढें उभे राहिले आणि काही आलें नाही. नांव जिभेपर्यंत येई आणि परत फिरे. अकरा रुमाल सोडिले, अकरा बांधिले. दुपारी सर्व मंडळी जेवोन निजावयास गेली तेव्हां पंतांनी दार लोटिलें, चिठ्ठ्यांची पेटी उघडिली आणि दाभण घेतलें. चार गठ्ठे, चार वेळां झटकलें, पुन्हा एकवार झटकलें, आणि सात चिठ्ठ्या खाली पडल्या. पांचवी पाहतांच पोथी आठवली, पान आठवलें, पानावरचा तेलाचा डागही आठवला. पंतांनी मनाशीं म्हटलें कीं यांत पाप नाही, हें माझेंच बोलणें, मीच मजला परत विचारितों. आणि मग एक्केचाळीस वर्षांची संवय म्हणोन, काढिलेली वस्तु जेथील तेथे ठेवावी म्हणोन, पंतांनी सातशे वीसही चिठ्ठ्या फडताळाप्रमाणे, रुमालाप्रमाणे अनुक्रमाने लाविल्या आणि पेटी बंद केली. सोमवारी उत्तर बरोबर आलें. दरबाराने वाहवा केली, आणि ती वाहवा पंतांस प्रथमच न बोलावितां आलेल्या पाहुण्यासारखी वाटली.

पुढील रविवारी पेटी उघडतात तों चिठ्ठ्या अस्ताव्यस्त. एक उताणी, एक पालथी, अठरावे फडताळाशेजारी दुसरें. पंत मनांत संतापले कीं ही बाई दाभणाची हुशार आणि हाताची उधळी. बोलतां तर येईना, कीं बोलावे तर पेटी उघडिली हें कबूल होतें. पुन्हा झटकलें, पुन्हा सर्व लाविलें. त्यापुढचे रविवारी पुन्हा पसारा. ऐसें दर आठवड्यास चाललें. पंतांनी लावावे आणि कोणी मोडावे. श्रावण गेला, भाद्रपद गेला. एकदा न राहवोन ते म्हणाले, "बाई, जिन्नस जागच्या जागी ठेवावा, ऐसें तुम्हांस कोणी शिकविलें नाही काय?" म्हाळसाबाई रुमाल शिवीत होती. वर न पाहतां म्हणाली, "शिकविलें होतें, पंत. सोय पाहोन वागतें." पंतांस हा उद्धटपणा वाटला. त्याच महिन्यांत दिवाण दोन वेळां सहज म्हणोन पोथीखान्यात आले, पेटी उघडोन पाहिली, पसारा पाहिला, आणि गेले.

कार्तिकांत अवकाळी पाऊस फार जाहला, पागेंत पाणी शिरलें, आणि घोड्यांस रोग लागला. खुरांचे तळवे मऊ पडोन काळी घाण वाहूं लागली, दुर्गंधी सुटली, घोडे पाय टेकीनात. एकशे साठांपैकीं चाळीस लंगडले. सोमवारचा दरबार भरला असतां पागेदार चिखलाचे पायांनीच आला आणि म्हणाला, "महाराज, वैद्य म्हणतो रोग पसरेल, चाळीसही घोडे सूर्यास्तापूर्वीं मारावे. हुकूम व्हावा." महाराजांनी पंतांकडे पाहिलें आणि म्हणाले, "पंत, आमचे पूर्वजांचें यावर काही असेल?" आदले दिवशीची चिठी नाही, दुपार नाही, लोटावयास दार नाही. पंतांनी डोळे मिटिले. आंत काही नव्हतें. तेव्हां पंतांचे मनांत आलें कीं कोणतेंही फडताळ सांगावे; रुमाल येईल, पान जुळणार नाही, उंदरांनी खाल्लें म्हणतां येईल; आजचा दिवस निघेल, किल्ल्या राहतील. बारावें फडताळ म्हणावयास तोंड उघडिलेंही. परंतु पागेदाराचे हातांत लगाम होता, नुसताच, घोड्यावाचून, तोच घट्ट धरोन उभा होता. पंतांनी तोंड मिटिलें, पुन्हा उघडिलें, आणि म्हणाले, "म्हाळसाबाईस बोलवा. दाभण घेऊन येऊं द्या."

बाई आली, पेटी आली. घोड्यांचे भोकांतून दाभण घातलें, अडतीस पडल्या. त्यांत रोगांचे भोकांतून घातलें, अकरा पडल्या. मग दाभण थांबलें, कीं खुरांचें भोक कोणी पाडिलेंच नव्हतें. वैद्य म्हणाला, "अकरा पोथ्या वाचावयास चार दिवस लागतील, तोंवर घोडे थांबतील काय?" बाई एकेक चिठ्ठी घेऊन नांव वाचूं लागली. पंत डोळे मिटोन मान हालवीत राहिले. नव्हे, नव्हे, नव्हे. आठवी चिठ्ठी वाचिली, "वर्षाकाळची पागा," आणि पंत म्हणाले, "थांबा, बाई." गाठोड्याची एक गाठ सुटावी आणि सर्व जिन्नस ओसंडावे तसें जाहलें. "नववें फडताळ, तिसरा रुमाल, निळा, कोपरा कुरतडलेला. चोविसावें पान. खूर तासावा, मोरचुदाची पूड भरावी, जनावर कोरड्या भुईवर बांधावे. हा रोग मारीत नाही, ओल मारते." शिपाई धावला, पान आलें, आणि पानावर तेंच होतें.

मग दिवाण हळूच म्हणाले, "पंत, आपण दाभणास विचारिलें." पंत म्हणाले, "विचारिलें. आपली आठवण अद्याप चांगली आहे, दिवाणजी." आणि कमरेच्या किल्ल्या सोडोन पायरीवर ठेविल्या. महाराज म्हणाले, "शब्द आम्हीं माफ केला." पंत म्हणाले, "महाराजांनी माफ केला, परंतु दिला मी होता. भोकें कोठली कशाचीं तें या बाईस ठाऊक, आणि नसलेलीं कोठली तेंही आज कळलें. किल्ल्या तिजकडे द्याव्या." चिटणिसाने तेंही लिहिलें.

तिसरे प्रहरीं पंत आपली शाल घ्यावयास पोथीखान्यात गेले. म्हाळसाबाई अकरा चिठ्ठ्या इतरांत मिसळीत होती. पंत म्हणाले, "आतां तरी नीट लावा." ती म्हणाली, "ढीग पडला असतां दाभणाचें काही अडत नाही, पंत. चिठ्ठ्या अनुक्रमाने लावील ऐसा माणूस या राज्यांत एकच. पहिल्याच सोमवारी पेटी उघडिली आणि सर्व लागलेल्या पाहिल्या, तेव्हांच कळलें. दिवाणजींसही कळलें असतें." पंत म्हणाले, "म्हणजे दर आठवड्यास तुम्ही..." ती म्हणाली, "सातशे वीस मोडावयास फार वेळ लागत नाही. लावावयास लागतो." पंतांनी शाल खुंटीस परत अडकविली, पेटीपाशीं बैसले आणि पहिली चिठ्ठी शोधूं लागले. बाई म्हणाली, "पंत, त्यांस अनुक्रम लागत नाही." पंत म्हणाले, "त्यांस लागत नाही, बाई. मज लागतो."

तात्पर्य इतकेंच: घोडे चाळीसांपैकीं सदतीस उभे राहिले, खुरांसाठी एकोणतिसावें भोक पाडिलें गेलें, आणि चहाडीसाठी तिसावें, पंतांचे आग्रहावरोन. त्यापुढें सहा वर्षें पंत दर रविवारी दुपारी येत, दार न लोटतां बैसत, आणि चिठ्ठ्या लावीत. लिहिणाराने ही हकीकत जुळविण्यासाठी ती पेटी उघडोन पाहिली. चिठ्ठ्या अनुक्रमाने आहेत. कोणी मोडिल्या नाहीत.