स्टोरेजवाले सलीमचाचा

सलीमचाचा दर शनिवारी लातूरहून मुखेडला एसटीनं जात, मांडीवर हार्ड डिस्क घेऊन. उन्हाच्या बाजूला कधी बसत नसत. "माल नाजूक हाय." डिस्क तिथं बहिणीच्या घरी ज्वारीच्या पिंपात राही.

आमच्या कोचिंग क्लासच्या बाराही संगणकांच्या फाइली एकाच स्टोरेजच्या डब्यात असत आणि तो डबा चाचांच्या ताब्यात. मी तिथं प्रश्नपत्रिका टाइप करायचो. डब्याची नक्कल मुखेडला कशाला, असं विचारलं की एकच उत्तर: "लातूर अन् मुखेड एकदम हालत न्हाईत, बाबा." पटकन उचलून पळता यावं म्हणून डबाही त्यांनी एसी केबिनमधून काढून दाराशी, चपलांच्या रॅकवर ठेवला होता. लुकलुकते दिवे बघून काही पालक त्याला हात जोडत. चाचा अडवत नसत. "धक्का तरी मारत न्हाईत."

यंदा डबा भरला. व्हिडिओ लेक्चरांना जागा हवी होती. संचालक सर म्हणाले, "क्लास मध्येच सोडून गेलेल्यांचं फोल्डर उडवा. मुखेडचंही."

रँकवाल्यांचे फोटो चौकाचौकात टांगायचे आणि बाकीची पोरं पुसून टाकायची. मी तावातावानं भांडलो. चाचा म्हणाले, "उडवतो सर. पण विचारून."

"कुणाला?"

"ज्याचं नाव हाय त्याला."

आणि ते फोल्डर उघडून फोन लावत बसले. "क्लासमधला सलीमचाचा. काय करायलास? गॅरेज? बरं हाय." एकानं घाबरून आधीच सांगितलं, "चाचा, मी टेस्टला येणार न्हाई."

दुसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटलं, "एवढा खटाटोप कशाला, चाचा?"

"भूकंपाच्या आधी मी गावच्या शाळेत कारकून होतो," ते नंबर शोधत म्हणाले. "ढिगाऱ्यातून हजेरीपट धड निघाला. एक पान फाटलं न्हाई. छावणीत उभं राहून नावं वाचली. पहिल्या पानावरच्या एकाबी नावाला कुणी ओ दिली न्हाई."

तेवढ्यात सर आले. "झालं का?"

चाचांनी फोन स्पीकरवर टाकला. जळकोटची एक मुलगी होती. "चाचा? हाव, मीच बोलायले."

"ही ओ द्यायली, सर. हिला कसं उडवू?"

 सर म्हणाले, "राहू द्या."

चाचांना ते ऐकूच गेलं नाही. ते तिला विचारत होते, जेवलीस का.