बादली दाखवा

माणसाची खरी ओळख त्याच्या बोलण्यात नसते, त्याच्या पुस्तकांच्या कपाटात तर नसतेच. ती त्याच्या ओल्या कचऱ्यात असते. हा विचार ज्या चिंतकाचा आहे ते आमच्या शेजारी राहतात. चिंतनाची वेळ रोज सकाळची, आणि साधनं दोन: जुना चष्मा आणि मोडक्या छत्रीची दांडी.

रघुनाथनाना एसटीच्या तिकीट तपासणी पथकात होते. धुळ्यापासून यावलपर्यंत कुठल्याही फाट्यावर, एखाद्या बाभळीच्या आडोशाला उभं राहून ते गाडी थांबवत आणि आत चढून एकच शब्द बोलत, "दाखवा." निवृत्त झाल्यावर त्यांनी जळगावला आमच्या कॉलनीत घर बांधलं आणि गच्चीवर सेंद्रिय भाजीपाल्याची बाग केली. गाडी गेली, फाटा गेला, शब्द तेवढा राहिला.

बागेला खत लागतं आणि खताला कचरा. नानांच्या घरात माणसं दोन, तीही बेताचं खाणारी. तेव्हा त्यांनी आमच्या गल्लीचा ओला कचरा मागायला सुरुवात केली. मागायला म्हणजे तपासायला. सकाळी आम्ही नानांच्या फाटकाशी बादल्या घेऊन उभे राहतो. नाना येतात, म्हणतात, "दाखवा." मग छत्रीची दांडी बादलीत फिरते. सगळं नीट असलं तर "बठ्ठं बरोबर शे" असा शेरा मिळतो आणि बादली त्यांच्या मोठ्या टपात रिकामी होते. शिजवलेलं काही किंवा तेल लागलेलं काही निघालं तर ते परत. प्लॅस्टिक निघालं तर तो विनातिकीट प्रवासी, आणि मग दंड. दंड म्हणजे कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखालचा वाळका पाला एक पोतंभर गोळा करून देणं.

एकदा आमच्या बादलीत दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा निघाला. नखाएवढा. माझी बायको म्हणाली, "नाना, एवढासा तर आहे. हाफ तिकीट धरा."

नाना हसले नाहीत. "प्लॅस्टिकला सवलत नाही," म्हणाले. पाला मला गोळा करावा लागला.

त्यांचा खरा राग महापालिकेच्या घंटागाडीवर. ती गाणं वाजवत गल्लीत शिरली की नाना फाटकात उभे राहून तिच्याकडे अशा नजरेनं बघतात, जशी पूर्वी ते काळीपिवळी जीपकडे बघत असतील. "तिला ओला कचरा देणं म्हणजे आपले प्रवासी खासगी गाडीत बसवणं," असं त्यांचं मत. सुका कचरा ते देतात, नाइलाजानं. पण कांद्याचं एक साल नानांच्या हातून घंटागाडीत गेलेलं गल्लीत कोणी पाहिलेलं नव्हतं.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, या सगळ्याकडे ओट्यावर बसून बघतात. "नोकरीभर लोकांचे खिसे तपासले," त्या म्हणतात, "आता त्यांच्या भेंड्यांची देठं तपासताहेत. पेन्शन मात्र पहिल्याच कामाची मिळते."

मी इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक. कोणतीही गोष्ट सुरू करायची तर आधी तिच्यावरची पुस्तकं आणतो. घरच्या घरी सेंद्रिय बाग यावर तीन आणली, शिवाय कोकोपीटच्या विटा, रंगीत कुंड्या आणि टोमॅटोचं बी. नाना तपासणीला आले. एक वीट नाकाशी धरून म्हणाले, "सर, ही माती नाही. नारळाचा भुसा आहे. नुसत्या भुशात पुस्तकं तेवढी उगवतील."

मग त्यांनी मला एक अर्धा कापलेला ड्रम दिला, बुडाला भोकं पाडून. खाली पाला, वर ओला कचरा, वर शेणखत, पुन्हा पाला, आणि मधून मधून आंबट ताकाचा शिंतोडा. "ओलं थोडं, वाळलेलं जास्त. वास आला की समजायचं, गाडीत गर्दी झाली." बियांच्या बाबतीत त्यांचा सल्ला कडक होता. "पहिल्या वर्षी मेथी लावा. मेथी जवळचा प्रवासी, लवकर उतरतो. टोमॅटो लांब पल्ल्याची गाडी. तुम्हाला झेपायची नाही."

पुस्तकात तसं काही म्हटलेलं नसल्यामुळे मी टोमॅटोच लावले, तेही मार्च संपता संपता. जळगावचं ऊन पुस्तकं वाचत नाही. रोपांचे पापड झाले. नानांनी येऊन एकवार पाहिलं, हिरवी जाळी बांधून दिली आणि "ब्रेकडाउन" एवढंच म्हणून खाली उतरले. पावसाळ्यानंतर मी मेथी लावली.

बादल्या तपासता तपासता नाना हळूहळू घरं वाचायला लागले. "पाटलांकडे पाहुणे आलेत. कोथिंबिरीच्या एवढ्या काड्या घरच्या माणसांना होत नाहीत." एकदा आमच्या बादलीत दांडी फिरवून त्यांनी मला हळूच विचारलं, "काल भांडण झालं का सर? कांदा जाड सोललाय." मी गप्प राहिलो. आत बायको गप्प राहिली नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला सुशीलाअक्का राहतात. माहेर-सासर दोन्ही पारोळ्याकडचं, बोलणं अजून तिकडचंच. त्यांचे यजमान नवरात्राच्या आधी वारले. मुलगा नाशिकला असतो. दिवस झाल्यावर तो आईला "चल" म्हणाला, त्या "बघू" म्हणाल्या आणि राहिल्या. अक्कांची बादली म्हणजे गल्लीतली सर्वांत भरलेली बादली असायची. दोघंच घरात, पण मेथीच्या काड्या, दोडक्याच्या शिरा, वाटाण्याची टरफलं आणि केळीची सालं तर विचारूच नका. नाना त्या बादलीला "फुल्ल गाडी" म्हणत.

थंडी पडायला लागली तेव्हा त्या बादलीत नुसती चहापत्ती येऊ लागली. नानांनी दांडी फिरवली. फिरवण्यासारखं काही नव्हतं.

"अक्का, गाडी रिकामी आणता?"

"चहापत्ती शे ना," अक्का म्हणाल्या. "एकलीकरता कोन रांधस रे भाऊ?"

त्या दिवशी नाना "बठ्ठं बरोबर शे" म्हणाले नाहीत. संध्याकाळी माझ्या गच्चीवर आले, मेथीपाशी उगाच वाकून बसले. म्हणाले, "सर, ती बाई जेवत नाही."

"मुलाशी रोज बोलतात फोनवर. परवा माझ्यासमोरच सांगत होत्या, जेवले म्हणून."

"फोनवर कोणीही काहीही सांगतं. बादली खोटं बोलत नाही. ब्लाउजच्या बाह्या बघा, कशा सैल झाल्यात."

"मग तुम्ही बोला ना त्यांच्याशी."

नानांनी मेथीचं एक पान खुडलं. "मी काय बोलू? आख्ख्या नोकरीत परक्या माणसाला 'दाखवा' सोडून काही म्हटलं नाही मी."

काकूंनी तोवर आपल्या परीनं डबा पाठवून पाहिला होता. अक्कांनी तो दारातूनच परत केला होता. "माले काय झायं? मी काय आजारी शे का?" म्हणून वर फणकाराही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना फाटकाशी आले ते हातात दोन मोठी हिरवी वांगी घेऊन. भरताची, आपल्याकडची, पांढरट हिरवी आणि तुकतुकीत. अक्कांसमोर ती धरून त्यांनी जाहीर केलं की खत थंड पडलं आहे. त्याला ऊब यायची तर भाजलेल्या वांग्याची सालं लागतात. तीही तेल चोळून, आचेवर नीट भाजलेल्या वांग्याची. बाकी कोणाकडे हे काम जमणार नाही, कारण बाकीच्यांची वांगी बाहेरून करपतात आणि आतून कच्ची राहतात.

"वांगी माझ्या गच्चीवरची आहेत," ते शेवटी म्हणाले. "गर तुमचा. मला फक्त सालं पाहिजेत."

मी बाजूलाच बादली घेऊन उभा होतो. घरी जाऊन तिन्ही पुस्तकं चाळली. भाजलेल्या वांग्याच्या सालीनं खताला ऊब येते असं एकाही पुस्तकात नव्हतं. नानांच्या गच्चीवर वांग्याचं एकच झाड होतं, त्याच्यावर मावा होता आणि त्याला लागलेलं एकुलतं एक वांगं अंगठ्याएवढं होतं. तरी मी विचारलं, "नाना, हे ऊब येण्याचं कुठे वाचलंत?"

"सगळं पुस्तकात असतं का, सर?" नाना म्हणाले आणि टप उचलून निघून गेले. त्यानंतर एका संध्याकाळी भाजी बाजारात मला ते दिसले. एकेक वांगं बोटांनी वाजवून, देठ पाहून, कानाशी धरून निवडत होते. मी दुसऱ्या बाजूनं निघून आलो.

अक्कांनी कुरकुर केली. "तू माले वांगं भाजानं शिकाडू नको," म्हणाल्या. पण खत थंड पडलंय म्हटल्यावर बाईचा इलाज चालेना. त्यांनी शेगडी बाहेर काढली, जाळायला कपाशीच्या काड्या मागवल्या. आणि वांगं भाजलं की नुसती सालं काढून गर टाकून देणारी बाई खान्देशात अजून जन्मली नाही. लाकडाच्या बडगीत मिरच्या आणि लसूण ठेचल्याचा आवाज गल्लीभर गेला. भरीत एकट्यापुरतं होत नाही. एक वाटी आमच्याकडे आली, एक काकूंकडे. पुढच्या आठवड्यात अक्का स्वतः कांद्याची पात निवडत ओट्यावर बसलेल्या दिसल्या. बादलीत पातीची मुळं आली, मग मुळ्याचा पाला, मग वाटाण्याची टरफलं. नानांनी दांडी फिरवली आणि म्हणाले, "बठ्ठं बरोबर शे."

एकदा वाटी द्यायला अक्का आल्या तेव्हा मी उगाच म्हणालो, "नानांच्या गच्चीवरची वांगी छान आहेत."

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं शिकलेल्या माणसाकडे पाहतात. "त्याले सांगू नको," त्या म्हणाल्या, "पन असं वांगं गच्चीवर येत नही."

परवा मी पहाटेच फिरायला निघालो होतो. कॉलनीच्या बाहेर, मोठ्या रस्त्यावर घंटागाडी उभी होती, अजून गाणं सुरू व्हायचं होतं. गाडीच्या आडोशाला मफलर गुंडाळलेला एक माणूस इकडे तिकडे बघत उभा होता, तिकीट न काढलेला प्रवासी बघतो तसा. त्यानं स्वेटरच्या आतून कागदात बांधलेला पुडा काढला.

"नाना, आज पुन्हा वांग्याची सालंच का?" गाडीवरची बाई म्हणाली.

नाना वळले तो समोर मी. पुडा तिच्या हातात गेला होता. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी चष्मा सारखा केला.

"तेल लागलेलं असतं, सर," ते म्हणाले. "खतात मुंग्या होतात."