गुप्त गिऱ्हाइकाचं बाळंतपण

बुलडाणा जिल्ह्यात मला ओळखणारा किराणा दुकानदार अजून जन्माला यायचाय, असं मी चार वर्षं छातीठोकपणे सांगत असे. अर्थात मनातल्या मनात. मोठ्यानं सांगितलं असतं तर कामच गेलं असतं, कारण मी गुप्त होते.

काम असं होतं. मुंबईच्या एका चहा कंपनीला संशय होता की इकडचे दुकानदार तिच्या पुड्या फोडून त्यात सुटी भुकटी मिसळतात. म्हणून कंपनीनं गावोगाव बाया नेमल्या. साध्या गिऱ्हाइकासारखं दुकानात जायचं, पुडी मागायची, दुकानदार काय देतो आणि काय गळ्यात मारतो ते डोळ्यांत साठवायचं, आणि घरी येऊन छापील फॉर्म भरून मुंबईला धाडायचा. दुकानामागे दोन रुपये आणि एस.टी.चं भाडं. अमडापूर, उंद्री, मेहकर, सगळे बाजार मी डोक्यावर पदर घेऊन पालथे घातले.

सहासष्ट साली मला दिवस गेले. तरी सातव्या महिन्यापर्यंत मी फिरले. उंद्रीच्या वाटेवर खड्डा कुठला आणि बाळाची लाथ कुठली, हे कळेनासं झालं तेव्हा थांबले. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात वाचलं की नोकरी करणाऱ्या बाईला बाळंतपणात बारा आठवडे पगारी रजा देणारा कायदा आहे. मी कात्रण कापून यांच्यापुढे ठेवलं.

हे बांधकाम खात्यात कारकून. यांच्या मसुद्याला आजवर कुणी लाल शाई लावलेली नाही, असं हे स्वतःच सांगतात. यांनी दोन पानी अर्ज लिहिला. तीन आठवड्यांनी कंपनीचं उत्तर आलं: "आपण आमच्या नोकर नसून स्वतंत्र व्यावसायिक आहात. सबब बाळंतपणाचा लाभ देता येत नाही."

माझं डोकं फिरलं. मी कुठल्या दुकानात, कुठल्या वारी, काय मागायचं हे कंपनी ठरवणार, फॉर्म उशिरा गेला तर पैसे कापणार, आणि मी स्वतंत्र?

"अगं, रागावू नकोस," हे म्हणाले. "तू व्यावसायिक असतीस तर नगरपालिकेच्या दप्तरात तुझी नोंद असती. नोंद नाही, म्हणजे तू नोकर. मी तसा दाखलाच आणतो."

कंपनीचं पत्र घेऊन हे नगरपालिकेत गेले. दाखला मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी शिपाई नोटीस घेऊन दारात आला. मी स्वतंत्र व्यावसायिक असल्याचं कार्यालयाच्या निदर्शनास आलं होतं. चार वर्षांचा व्यवसाय कर, दंडासह भरावा.

आठव्या महिन्याचं पोट घेऊन मीच नगरपालिकेचा जिना चढले. कर विभागात पंजाबराव नावाचे कारकून बसले होते. त्यांनी रजिस्टर उघडलं.

"धंद्याचं नाव?"

"गुप्त गिऱ्हाईक."

त्यांनी टाक खाली ठेवला, मग पुन्हा उचलला. "दुकान कुठी हाये?"

"मेहकरला, अमडापूरला, उंद्रीला. पण दुसऱ्यांची आहेत."

"तीन-तीन गावात दुकानं, अन् कर काऊन भरला नाही?"

"अहो, मी तिथं विकत नाही. विकत घेते."

"घाऊक?"

"एक पुडी."

पंजाबरावांनी शांतपणे लिहिलं: चहाचा व्यापार.

"मी व्यापारी आहे तर बाळंतपणात मला कुणी काही देणार का?" मी विचारलं.

"व्यापाऱ्याले कोन देते बाई? व्यापारी रजेवर गेला का दुकान बंद ऱ्हायते, एवढंच." मग त्यांना जरा दया आली असावी. "असं करा, तुमी धंदा करत नाही असं दुकानदारायकडून लिवून आना. मंग पाहू."

दुकानदारांना हे विचारणं म्हणजे आपणच जाऊन सांगणं की मी तुमच्यावर नजर ठेवत होते. तो विषय मी तिथंच सोडला. चूक एवढीच झाली की घरी येऊन यांना सांगितला.

रविवारी हे खात्याच्या कामाला म्हणून बाहेर पडले. संध्याकाळी खुशीत परत आले आणि एक कागद माझ्या हातात दिला. "दाखला देण्यात येतो की सौ. स्नेहलता या आमच्या दुकानी चार वर्षे येत असून कोणताही व्यापार करीत नाहीत. त्या केवळ आमच्या मालाबाबत कंपनीस गुप्तपणे कळवितात."

"हे कुणाला दाखवलंत?"

"अमडापूरच्या हिंमतरावांना. सही नाही केली त्यांनी, पण मसुदा फार आवडला. दोनदा वाचला, वर नक्कल करून घेतली."

अमडापूरला हिंमतराव गल्ल्यावर बसत आणि त्यांची बायको गोजरबाई पुड्या काढून देई. माझं पोट दिसू लागल्यापासून ती मला बसायला स्टूल द्यायची, कधी कवठ, कधी चिंच हातावर ठेवायची. आणि माझ्याच फॉर्मवरून दोन महिन्यांपूर्वी कंपनीनं त्यांची चहाची एजन्सी काढून घेतली होती.

सोमवारी सकाळच्या गाडीनं गोजरबाई दारात हजर झाली.

"माया हातचं कवठ खाल्लं, अन् मायावरच लिवलं?"

"तुम्ही पुड्यांत भुकटी मिसळत होता," मी म्हणाले. माझाही आवाज चढला. "बाजूच्या गिऱ्हाइकाला दिलेली पुडी मी डोळ्यांनी पाहिली."

"हाव, मिसयत होतो. पन तुमाले कधी देली का ते? तुमाले चांगली पुडी मी आतून आनून देत होती. पोटुशी बाई हाये म्हनून."

हे ऐकून मला जास्तच राग आला. तिच्यावर, कंपनीवर, आणि आत दाढी करत असल्याचं नाटक करणाऱ्या यांच्यावर. मी कमरेवर हात ठेवून उभीच होते.

"कितवा हाये?" गोजरबाईनं विचारलं.

"नववा लागला."

"मंग बसा खाली. उभ्यानं भांडू नका."

मी बसले. ती समोर बसली आणि उरलेलं भांडण आम्ही बसून केलं. तिनं चहा घेतला नाही. आमच्या घरचा चहा कुठून येतो ते आता तिला माहीत होतं.

हिंमतरावांनी ती नक्कल मुंबईला धाडली होती. आठवड्यात कंपनीचं पत्र आलं: "आपले काम गुप्त न राहिल्यामुळे आपणांस सेवेतून कमी करण्यात येत आहे."

"सेवेतून!" हे ओरडले. "म्हणजे तू सेवेत होतीस. सापडले लेकाचे."

या वेळी मसुदा मी सांगितला आणि यांनी नुसता लिहिला. सेवेत नव्हते तर कमी कुठून केलं, एवढा एकच प्रश्न विचारला. उत्तर आलं की 'सेवा' हा शब्द केवळ शिष्टाचार म्हणून वापरला होता. सोबत मातृत्वाबद्दल आगाऊ अभिनंदन आणि शंभर ग्रॅम चहा.

पत्र आलं त्याच्या चौथ्या दिवशी मुलगी झाली. डिंक-मेथीसाठी बाजूला ठेवलेले पैसे तोवर कराच्या खिडकीत गेले होते.

सव्वा महिना झाल्यावर जन्माची नोंद करायला मी स्वतः गेले. यांच्या हातात कागद द्यायची आता माझी छाती नव्हती. जन्माच्या रजिस्टरावरही पंजाबरावच.

"बापाचा धंदा?"

"बांधकाम खात्यात कारकून."

"आईचा?" असं म्हणून त्यांनी वर न पाहताच 'घर' एवढं लिहिलंसुद्धा.

"थांबा," मी म्हणाले आणि कराची पावती टेबलावर आपटली. "चार वर्षांचा कर दंडासकट घेतलात तेव्हा मी व्यापारी होते. आता खोडा ते आणि व्यापार लिहा. माझ्या मुलीच्या कागदावर मी काय करत होते ते आलंच पाहिजे."

मुलगी दचकून रडायला लागली. पंजाबरावांनी ती गप्प होईपर्यंत वाट पाहिली आणि मग हळू आवाजात म्हणाले, "लिवतो बाई, मले काय. पन इथं व्यापार लिवला का यंदाची नोटीस आपोआप निघते."

मी पावतीची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"घरकाम लिहा," मी म्हणाले. "आणि जरा ठळक लिहा."