सुलतानाखालचा चेंडू

तुम्हाला म्हणून सांगतो, थाप मारायची तर अशी मारावी की तिची परीक्षा घेणारा पंचक्रोशीत नसावा! हे माझं तत्त्व. म्हणूनच लग्नाच्या बायोडाटात 'छंद' या रकान्यात सगळी पोरं वाचन, प्रवास, संगीत लिहीत असताना मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, गोल्फ! अकोल्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला गोल्फ खेळून दाखव असं म्हणणार कोण?

लग्न झालं. श्रावणीसारखी गुणी बायको मिळाली. पहिल्याच पोळ्याला अमरावतीला सासुरवाडीला गेलो, तर सकाळी सात वाजता सासरे हरिहरराव पांढरी टोपी घालून दारात उभे! रिटायर्ड वकील. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. त्यांच्या खांद्यावर गोल्फच्या काठ्यांची लांब पिशवी होती.

"चला केदारराव! गावाबाहेर आमचं छोटंसं मैदान आहे, नऊ भोकांचं. तुमच्या बायोडाटातली ती ओळ वाचली न, तेव्हाच मी म्हटलं होतं, जावई पाहिजे तर हाच!"

माझा चहा बशीत सांडला. मी श्रावणीकडे पाहिलं, तर ती ओठ दाबून पुरण ढवळायला आत पळाली! म्हणजे सासुरवाडीतली माझी सगळी इज्जत आता त्या एका ओळीवर उभी होती.

स्कूटरवर मामाजींच्या मागे, मांडीवर ती पिशवी घेऊन बसल्या बसल्या मी मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले. सोप्पं वाटलं. चेंडू खाली, काठी वर, कंबर फिरवायची, झालं!

मैदानावर पोहोचलो. पोळ्यामुळे माळी सुट्टीवर, आणि खेळणारे आम्ही दोघंच. दहा पावलं चाललो तर बुटांना किलोकिलोभर काळी माती चिकटली. मामाजींनी पिशवीतून एक हातमोजा काढून दिला, तो मी ऐटीत उजव्या हातात चढवला. त्यांनी आधी स्वतः एक सुरेख फटका मारला आणि मला म्हणाले, "हं, मारा."

पहिल्या फटक्याला चेंडू जागेवर राहिला आणि मातीचं ढेकूळ पुढे गेलं. दुसऱ्याला तर ढेकूळही हललं नाही.

"सराव करून राहिलो, मामाजी," मी म्हणालो.

तिसऱ्या वेळी डोळे गच्च मिटले आणि काठी फिरवली. चेंडू सुटला तो गेलाच!

"वा! क्या बात है!" मामाजी ओरडले.

चेंडू पार टोकाला, कुंपण मोडलं होतं तिथं जाऊन पडला. तिथं नुकताच धुतलेला, शिंगं निळ्या रंगानं रंगवलेला एक पांढरा बैल चरत होता. त्यानं चेंडू हुंगला, स्वतःभोवती एक चक्कर मारली आणि ऐसपैस खाली बसला. चेंडूवरच!

"हरकत नाही," मामाजी म्हणाले. "पण चेंडू जिथं पडला तिथूनच मारायचा. नियम म्हणजे नियम."

मी बैलापाशी गेलो. चेंडू बैलाखाली असताना काय करतात, हे व्हिडिओत नव्हतं. काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून मी काठी उंच उचलली आणि कंबर फिरवायला घेतली.

"ओ भाऊ! काठी खाली टाक! पोयाच्या दिवशी बैलावर काठी उगारून राहिला! मानूस हायेस का कोन?"

शेजारच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, धोतर सावरत एक म्हातारे धावत आले. हे नत्थुजी. बैल त्यांचा, नाव सुलतान.

"मी बैलाला नाही, चेंडूला मारतोय!"

"कुठी हाये चेंडू?"

"बैलाखाली!"

"म्हंजे काठी त्याच्या पोटात खुपसनार व्हता?"

बघता बघता धुऱ्यावर पंधरा माणसं जमली. एक म्हणाला, "बैलाले मारलं म्हंते!" त्याच्या मागचा म्हणाला, "पाय मोडला!" सर्वांत मागून कुणा बाईचा रडका आवाज आला, "गेला का वं सुलतान?" सुलतान निवांत रवंथ करत होता!

मामाजींमधला वकील जागा झाला. "हे पहा, माझ्या जावयाचा हेतू वाईट नव्हता."

"हेतूचं मले काई सांगू नका, वकीलसाहेब," नत्थुजी म्हणाले. " वर्सभर थो आमचं आयकते. आज आमी त्याचं आयकतो. थो उठन तवा उठन."

मामाजींनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढून भराभर पानं उलटली. "साप आहे, मुंग्यांचं वारूळ आहे. बैल कुठेच नाही!"

शेवटी मी सुलतानाच्या कपाळाला हळदकुंकू लावून माफी मागायची, असं ठरलं. ते लावून मी त्याच्या मागून निघालो, तर त्यानं चिखलानं माखलेली शेपटी सपकन माझ्या तोंडावर मारली. तेवढ्यानं लोकांचं समाधान झालं आणि ते पांगले.

आम्ही दोघं निंबाखाली बसलो. खरं सांगू? मी मनातल्या मनात हात जोडत होतो, सुलताना, बाबा रे, आज उठूच नकोस!

मामाजींनी काडीनं बुटांची माती खरवडली. मग म्हणाले, "आठ वर्षं झाली, केदारराव. बरोबरीचे कुणी पोरांकडे पुण्याला गेले, कुणाचे गुडघे गेले. मी एकटाच येतो. एकटाच मारतो, एकटाच 'वा' म्हणतो."

एवढ्या साध्या माणसाला आपण फसवलं! न राहवून म्हणालो, "मामाजी, मला गोल्फ येत नाही. आज जन्मात पहिल्यांदा काठी धरली."

"माहीत आहे. तुम्ही हातमोजा उजव्या हातात घातला, तेव्हाच कळलं. उजवा खेळाडू डाव्या हातात घालतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही घरी जाऊन झोपला असता."

तेवढ्यात सुलतान उठला आणि डुलत डुलत धुऱ्याकडे निघाला. चेंडू वीतभर चिखलात रुतला होता.

"मारा," मामाजी म्हणाले.

आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून जीव खाऊन मारला. चेंडू तिथंच! अर्धा शेर काळी माती मात्र थेट मामाजींच्या तोंडावर. धुऱ्यावर थांबलेले नत्थुजी पोट धरून हसत सुटले. मामाजींनी डोळे पुसले, माती थुंकली आणि म्हणाले, "वा!"

घरी सासूबाईंनी आमचे अवतार पाहून विचारलं, "कोण जिंकलं?"

"निकाल राखून ठेवलाय," मामाजी म्हणाले. "पुढची तारीख रविवारी, सकाळी सात."

अकोल्याहून सातला पोहोचायचं म्हणजे चारला उठणं आलं. सुट्टीच्या दिवशी नऊच्या आत डोळा न उघडणारा मी, "हो मामाजी" म्हणून बसलो. तेही अगदी मनापासून!