नव्वद मैली किनाऱ्याची स्वारी आणि मेहुण्याची गाडी

मोहिमेस पाऊल टाकण्याआधी नफ्याचा अजमास घ्यावा, ही दौलतदारांची जुनी चाल. राजश्री मरे पॅस्को, निवृत्त प्लंबर, वस्ती फांगारे, न्यूझीलंडचा उत्तर सुभा, यांसी नफा ऐसा दिसला, की सहलकंपनीच्या बसमध्ये कोण्या झेंडीवाल्याच्या हुकुमाने लघुशंकेस उतरणे टळेल, आणि जेथे मन रमेल तेथे डेरा पडेल, आणि गाडी तो खासगत नव्हे, मेहुणे बॅसिल यांजकडोन मागोन आणलेली, नवी कोरी, सबब झीज जाहली तरी परभारे.

मग त्यांच्या पत्नी कोरली बाईसाहेब सहलीचे आरक्षण करू लागल्या असता राजश्रींनी फर्माविले, जे मेंढरांसारखे हाकले जाणे आमच्या कुळास ठाऊक नाही, दर्याकिनारा धरोन आजच कूच होईल. बाईसाहेब इतुकेच बोलल्या, "बॅसिलच्या गाडीला ओरखडा आला ना मरे, तर नाताळात त्याच्यासमोर तू बसायचंस, मी नाही."

हे कानाआड करोन, सॉसेज, पाव, तवा, चहाचा थर्मास ऐसा दारूगोळा भरोन, मजल दरमजल स्वारी नव्वद मैली किनाऱ्यावर दाखल जाहली. तेथील वाळू ओहोटीस सडकेसारखी पक्की, बसगाड्याही दौडतात; आणि भरतीस जे उभे सापडेल ते दर्या आपल्या खजिन्यात जमा करितो. म्हणोन ओल्या वाळूत गाडी थांबवू नये, हे तिथले शेंबडे पोरही जाणे. परंतु राजश्रींस तुआतुआ शिंपल्यांची वासना जाहली. मग गाडी पाण्याकाठी उभी करोन, विजार गुडघ्यावर घेवोन, टाचा वाळूत घुसळीत, कंबर लचकावीत, त्यांनी शिंपल्यांची शिकार मांडिली, आणि बादली भरत आली तो बाईसाहेबांनी पृच्छा केली, "मरे, गाडी बुटकी का दिसतेय?"

पाहतात तो म्हैस डबक्यात बसावी तैसी गाडी पोटावर बसली, आणि भरतीची पहिली फळी चाल करोन येतसे. राजश्रींनी तव्याने खंदक उपसला, तो दर्याने तत्काळ बुजविला. चाक फिरविले, तो गाडी अधिकच खोल रुतली.

इतुक्यात क्षितिजावर धूळ नव्हे, तुषार उडाले, आणि त्याच कंपनीची बस प्रकटली. सारथी नायरी रापाना नामे जबर बाई. तिने खिडकीतून मुंडी काढिली.

"काय काका, शिंपले मिळाले का?"

"आम्ही जरा विसावलोय," राजश्री उद्गारले.

"विसावा की. थोड्या वेळानं माशांबरोबर विसावाल."

नायरीने दोर पुढे केला, परंतु राजश्री शत्रूचा दोर स्वीकारण्यास राजी होईनात. तेव्हा बाईसाहेबांनी त्यांच्या हातातील तवा काढोन घेतला, आणि त्यात काय कौल होता तो ओळखोन राजश्री मुकाट बाजूस सरले. मग बसमधोन पेन्शनरांची अवघी फौज उतरली, आणि कोणी ढोपर धरिले, कोणी टोपी सावरिली, "अगं, तू ढकलतेयस की टेकलीयस?" ऐसी रणगर्जना जाहली, नायरीने बसला दोर बांधोन खेचिले, आणि गाडी बाहेर आली. पुढील बंपर मात्र दर्याने खंडणी म्हणोन ठेविला.

आता त्या मुलखाचा दंडक ऐसा, की रुतलेल्याने ओढणाऱ्यास बिअरची पेटी द्यावी. यांत तडजोड नाही. नायरीने दंडक बोलोन दाखविला. तो राजश्रींनी मुत्सद्देगिरी केली, जे दंडक रुतलेल्यास लागू, आणि रुतली ती गाडी, आणि गाडी बॅसिलची.

नायरी म्हणाली, "काका, तुम्ही वकील व्हायचं सोडून नळ कशाला जोडत बसलात?"

सर्वांच्या नजरा बाईसाहेबांकडे वळल्या. ही मसलत त्या मोडणार, ऐसे राजश्रींसही वाटले. तो बाईसाहेबांनी फोन लाविला. "बॅसिल, तुझी गाडी आम्ही समुद्राच्या तोंडातून सोडवली रे! हो, आम्हीच. नाही, फारसं काही नाही झालं. आता या बिचाऱ्यांचं काहीतरी करायला नको का?"

येणेप्रमाणे स्वारी फत्ते जाहली. ढकलिले पेन्शनरांनी, ओढिले नायरीने, यश मिरविले राजश्रींनी. पेटीचे पैसे भरिले बॅसिलने, आणि वरतून फोनवर आभारही मानिले.