शिऱ्यापायी अडलेली बोट

"बोटीवर गॅस पेटणार नाही म्हणजे नाही!" प्रभाकर सर धक्क्यावरून कडाडले. "प्रवास सुरू होईपर्यंत आत साधी काडीसुद्धा ओढायची नाही. सुरक्षिततेचा पहिला नियम आहे तो."

"मग प्रसादाचा शिरा?" नीलाताईंनी विचारलं.

"घरून आणा की. मी काय शिऱ्याच्या विरोधात आहे?"

पुढे जे रामायण घडलं त्याचं मूळ या हुकुमात होतं. सरांनी मात्र ते आजतागायत कबूल केलेलं नाही.

भिवंडीच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर एक जुनी, सपाट बुडाची शिडाची बोट घ्यावी, हे सोसायटीत कुणाच्याच पचनी पडलं नव्हतं. या गावात लोक लूम घेतात, गोदाम घेतात, फार तर टेम्पो घेतात. पण नीलाताईंचं माहेर वेंगुर्ल्याचं. लहानपणी बोटीने मुंबईला यायच्या, त्याच्या गोष्टी त्या अजून सांगायच्या. लग्न झाल्या झाल्या सरांनी शब्द देऊन टाकला होता, "एक दिवस तुला समुद्रातून माहेरी नेईन." आता बोट दापोड्यापलीकडे खाडीच्या धक्क्याला उभी होती, डागडुजी झाली होती, रंग झाला होता आणि निघायचा मुहूर्त तीनदा हुकला होता.

चौथ्या खेपेला नीलाताई म्हणाल्या, "या वेळी निघालो तर निघालो. नाहीतर दुसऱ्या दिवशी मी एसटीने जाते."

आवाज चढवून म्हणाल्या असत्या तर सरांनी वाद घातला असता. त्या शांतपणे म्हणाल्या, म्हणून सरांची पाचावर धारण बसली.

निघण्याआधी बोटीवर सत्यनारायण घालायचा, एवढी एकच अट नीलाताईंची होती. सरांनी ती मान्य केली, पण वेळापत्रक स्वतः आखलं. भरती सकाळी आठची. सात वाजता पूजा आटपायची, पाहुण्यांनी प्रसाद घेऊन उतरायचं आणि भरल्या पाण्यात दोर सोडायचा. पुलांखालून जायचं म्हणून डोलकाठीसुद्धा आडवी पाडून ठेवली होती.

"पाहुणे किती?" सरांनी विचारलं होतं.

"घरचेच."

घरचे म्हणजे सोसायटीच्या दोन्ही विंगा निघाल्या. बायका जरीच्या साड्यांत, पुरुष कडक इस्त्रीत. शिडाच्या गुंडाळीवर बसू नका म्हणून सर ओरडले, तर मंडळी सरकून डोलकाठीवर बसली. होकायंत्रावर कुणीतरी चहाचा कप ठेवला. सरांच्या कपाळाची शीर टचटच उडू लागली.

गुरुजी उशिरा आले. तरी आठच्या आत कथा संपली, आरती झाली. आता फक्त प्रसाद. आणि प्रसाद निजामपुऱ्याजवळच्या घरून रिक्षाने निघाला होता, सरांच्या मुलीच्या, मृणालीच्या मांडीवर.

"बाबा, पुढे कंटेनर आडवा झालाय," मृणाली फोनवर म्हणाली. "रिक्षा जागची हलत नाहीये. ड्रायव्हर बोलतोय, अर्धा घंटा तो लगेगा."

"मग उतर आणि चालत ये!"

"पातेलं घेऊन? बाबा, सोसायटीभरचा शिरा आहे तो!"

सरांनी फोन खिशात कोंबला. पाणी काठोकाठ चढलं होतं. यापेक्षा चांगली वेळ येणार नव्हती. ते पुढे झाले आणि म्हणाले, "मंडळी, पूजा झाली. तुम्ही आता उतरा. प्रसाद तुम्हाला धक्क्यावर मिळेल. आम्ही निघतो."

गुरुजींनी पोथी छातीशी धरली.

"सर," शेजारची भाविका म्हणाली. ती सरांचीच जुनी विद्यार्थिनी. "आत्ताच कथा ऐकली ना? प्रसाद टाकून गेल्यावर त्या वाण्याच्या नावेचं काय झालं?"

"ती नाव होती! हिला इंजिन आहे!"

"मग बुडायला अजून वजनदार."

सरांनी नीलाताईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "असं अर्ध्यावर नाही निघायचं हो." सरांनी नामाकडे पाहिलं. नामा खाडीकाठचा, बोट हाकायला सोबत येणारा. तो दोराच्या वेटोळ्यावर फतकल मारून बसला होता.

"नामा, दोर सोड."

"न्हाय सर. परसाद न्हाय, त दोर न्हाय."

"अरे, पाणी चाललंय! ते बघा, भिंतीवरचं शेवाळ दिसायला लागलं! जन्मभर ओरडून शिकवलं की ओहोटी कुणासाठी थांबत नाही!"

"सर, तेव्हा तुम्ही चंद्रामुळे म्हणाला होतात," भाविका म्हणाली.

"टेन्शन नका घेऊ सर," तळमजल्यावरचा हितेश म्हणाला. दापोड्यात त्याचा ट्रान्सपोर्टचा धंदा होता. "कंटेनरवाला ओळखीचा निघेल. करतो फोन." त्याने पाचसहा फोन केले. कंटेनर त्याचाच निघाला.

अर्ध्या घंट्याचे तीन तास करून मृणाली धक्क्यावर पोचली तेव्हा बोट चिखलात बसली होती आणि धक्का डोक्यापेक्षाही वर गेला होता. चढण्याउतरण्याची फळी भिंतीला शिडीसारखी उभी राहिली होती. शेवटी नामाने दोर बांधून पातेलं खाली घेतलं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. द्रोण फिरले. सरांसमोर द्रोण आला तेव्हा मात्र त्यांचा बांध फुटला.

"मला नको! ज्या शिऱ्याने माझी भरती घालवली, त्याचा कणसुद्धा मी तोंडात घालणार नाही!"

आणि ते नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन सगळ्यांकडे पाठ करून बसले.

प्रसाद झाला, पण उतरणार कसं? जरीच्या साड्या उभ्या फळीवरून चढेनात आणि खाली गुडघाभर चिखल. संध्याकाळचं पाणी चढेपर्यंत कुणाला हलता येणार नव्हतं. मग माणसांना भूक लागली. नीलाताईंनी प्रवासाचे डबे उघडले. लाडू गेले, चकल्या गेल्या, भडंग गेलं. दुपारी भाविकाने गॅस पेटवला. सरांनी मान वळवून पाहिलं, पण ओरडायला आता तोंडच उरलं नव्हतं. प्रवासासाठी भरलेल्या रव्याचा उपमा झाला, साखर चहात विरघळली. कुणी पत्ते काढले, कुणी भेंड्या लावल्या. वाह्यात माणसं, सर मनात म्हणत होते, माझ्या आयुष्याच्या स्वप्नावर बसून भेंड्या खेळतायत! सगळ्यात जास्त झोंबत होतं ते हे की त्यांना मजा येत होती.

ऊन उतरलं तशी बोट हळूच हलली, तरंगली, हळूहळू धक्क्याच्या बरोबरीला आली. मंडळी साड्या सावरत उतरली. "झकास झाली सफर, सर," असं हितेश मनापासून म्हणाला. सरांना त्याला खाडीत ढकलावंसं वाटलं.

दिवेलागण उलटल्यावर बोट मोकळी झाली. प्रवासाला सोबत येणारी मृणाली आत आली. धान्य संपलं होतं, पण पिण्याचं पाणी भरलेलं होतं. पुढच्या बंदरावर किराणा मिळाला असता. नीलाताईंची माहेरची बॅग जागेवर होती. एसटीचं नावही अजून कुणी काढलं नव्हतं.

"सोड दोर!" सर घोगऱ्या आवाजात म्हणाले.

नामा हलला नाही. "सर, तुमी परसाद घेतला?"

धक्क्यावरची दोन्ही विंगांची मंडळी वाकून बघू लागली.

"संपला ना तो," मृणाली हळूच म्हणाली.

पाणी चढायचं थांबलं होतं. आता ते परत फिरणार, हे सरांशिवाय दुसऱ्या कुणाला कळलं असतं? ते ताडकन उठले, रिकामं पातेलं ओढलं आणि भूगोलाच्या त्या करड्या मास्तरांनी सगळ्यांदेखत आत डोकं घातलं. बोटाने तळ खरवडला. कडेला, करपलेल्या थराखाली, एक बेदाणा चिकटला होता. त्यांनी तो नखाने सोडवला आणि तोंडाकडे नेला.

"थांबा," नीलाताई म्हणाल्या. "अर्धा मला द्या."

"का? तू नाही घेतलास?"

"तुम्ही नव्हता घेतला ना."

म्हणजे ही दिवसभर गावाला वाढत होती आणि स्वतः तशीच होती. सरांना भरून आलं. त्यांनी बेदाणा दातांनी तोडला आणि मोठा तुकडा बायकोच्या तळहातावर ठेवला.

नामाने दोर सोडला. इंजिन धडधडलं, धक्का मागे सरू लागला.

"सोसायटीभरचा शिरा," सर डोळे पुसत कडाडले, "आणि बेदाणे एवढे मोजून? नियम म्हणजे नियम! पुढच्या वेळी शिरा बोटीवरच होणार!"