संपावरचं पातेलं

नोएमीने नवऱ्याचा लेख शेवटच्या पानापर्यंत वाचला, टाइपरायटरवर झाकण घातलं आणि म्हणाली, "पटलं."

प्रोफेसर ओरेस्ते झांबोन सुखावले. अख्खा हिवाळा त्यांनी त्या लेखात घातला होता. राजकारण संसदेत नसतं, पक्षाच्या कचेरीतही नसतं, जिथे माणसाकडून काम काढून घेतलं जातं तिथेच ते असतं, आणि कामाला नकार हीच कामगाराची खरी ताकद, असा त्याचा सारांश होता.

"मग कधी टाइप करतेस?"

"नाही करत. नकार," नोएमी म्हणाली आणि इमारतीतल्या बाकीच्या बायकांना हाच निरोप द्यायला खाली गेली.

ही गुरुवारची गोष्ट. रविवारी दुपारी लेख छापखान्यात द्यायचा होता आणि त्याची हाताने लिहिलेली एकच प्रत होती. इटलीतल्या पादोव्यात ते दिवसच वाईट होते. दाराची घंटा वाजली की माणसं आधी पडद्याआडून रस्त्यावर बघत. त्याच आठवड्यात ओरेस्तेंच्या दोन सहकाऱ्यांच्या घरांची झडती झाली होती, एकाला तर पायजम्यावरच नेलं होतं. आणि ओरेस्तेंच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहत होते सशस्त्र पोलीस दलाचे मार्शल इम्पाराटो.

रविवारी लेख न्यायला दोघे आले. लिव्हिओ हा कडक शिस्तीचा तरुण अध्यापक होता, तर गास्तोने मार्गेराच्या रसायन कारखान्यातला जुना कामगार. नोएमी बायकांच्या सभेला गेली होती. मोरीत तांब्याचं पातेलं पडलं होतं आणि त्याच्या तळाला गुरुवारची पोलेंटा, मक्याच्या पिठाची उकड, करपून दगड झाली होती.

"निदान कॉफी तरी करतो," म्हणत ओरेस्तेंनी पातेल्यावर नळ सोडला आणि घासणी उचलली.

"खाली ठेवा ती!" लिव्हिओ ओरडला. "संपावर गेलेल्या माणसाचं काम दुसऱ्याने करायचं? याला काय म्हणतात, प्रोफेसर?"

ओरेस्तेंचा हात हवेतच राहिला. याला काय म्हणतात, हे त्यांनीच तर लिव्हिओला शिकवलं होतं.

"संपफोडेपणा," ते पुटपुटले.

"अरे, पण भांडं त्याच्याच घरातलं ना?" गास्तोने म्हणाला.

"कारखाना आपलाच, असंही मालक म्हणतो, कॉम्रेड!"

वाद पेटला. पोलेंटाचे तुकडे सुटून मोरीच्या तोंडात बसले आणि पाणी काठावरून फरशीवर, फरशीवरून भिंतीच्या फटीत उतरू लागलं.

"नळ तरी बंद करू का?" ओरेस्तेंनी कळवळून विचारलं.

"आमच्याकडे संपात बॉयलर सांभाळायला दोघं ठेवतात बरं," गास्तोने म्हणाला.

"ती युनियनची तडजोड!" लिव्हिओ कडाडला.

तेवढ्यात जिन्यात जड पावलं वाजली आणि मग घंटा.

तिघांचे चेहरे पांढरे पडले. "लेख!" लिव्हिओ कुजबुजला. खिडकीखाली रस्ता होता आणि कपाटाला कुलूप नव्हतं. ओरेस्तेंनी ओव्हनचं दार उघडलं, कागद आत कोंबले आणि दार लावलं. गेले तीन दिवस त्या घरात ओव्हनएवढी सुरक्षित जागा दुसरी नव्हती.

दारात मार्शल इम्पाराटो उभे होते. अंगात बनियन, गळ्यात फुलाफुलांचा ॲप्रन आणि हातात कच्च्या कोंबडीचा ट्रे.

"प्रोफेसर, तुमचं पाणी माझ्या शेगडीवर पडतंय. पेटत नाही ती. ओव्हन द्या तुमचा."

"बिघडलाय," ओरेस्ते ओव्हनपुढे आडवे झाले.

"बघू. माझ्या मामाचं शेगड्यांचं दुकान होतं." मार्शलनी त्यांना हलकेच बाजूला केलं आणि दार उघडलं.

मार्शलनी कागद काढले, लांब धरले आणि पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. "'जिथे एकाच्या श्रमावर दुसरा जेवतो, तिथे राजकारण सुरू होतं.'" त्यांनी मान वर केली. "कोणी लिहिलंय हे?"

गास्तोनेने टोपी हातात घेतली. ओरेस्तेंच्या डोळ्यांसमोर आपला पायजमा आला. "मी," ते म्हणाले.

"तुम्ही!" मार्शलचा आवाज चढला. "गुरुवारी माझ्या बायकोने, असुंताने, हेच वाक्य मला जेवणाच्या टेबलावर ऐकवलं आणि हा ॲप्रन माझ्या गळ्यात घातला! तीन दिवस झाले, पावाबरोबर कांदा खातोय मी! म्हणजे खरे गुन्हेगार तुम्ही!"

"माफ करा," ओरेस्ते म्हणाले. "मला वाटलं नव्हतं ते कोणी असं मनावर घेईल."

मार्शलनी कागद टेबलावर आपटले, कोंबडी ओव्हनमध्ये सरकवली आणि काडी लावली. मग त्यांचं लक्ष मोरीकडे गेलं. "आणि तो नळ का नाही बंद करत? तीन पुरुष आहात ना इथे?"

"येत नाही करता," लिव्हिओ ताठ मानेने म्हणाला. "संप आहे. आम्ही संप मोडणार नाही."

मार्शलनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्यांनी नळ बंद केला, मोरीच्या तोंडातला बोळा काढला आणि घासणी हातात घेतली.

"द्या इकडे ते पातेलं. संप मोडायचाच पगार देतं मला सरकार."

त्या रविवारी पोलीस संप मोडत असताना चळवळीतले तीन बिनीचे लोक गुपचूप भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गास्तोनेने तर एकदा मान वळवून, कडेला थोडं राहिलंय, असंही दाखवलं.

संध्याकाळी नोएमी परतली. घरभर भाजलेल्या कोंबडीचा वास होता आणि फळीवर पातेलं आरशासारखं चमकत होतं. तिने कमरेवर हात ठेवले.

"कोणी घासलं?"

ओरेस्तेंनी अजून टाइप न झालेल्या लेखातून डोकं वर काढलं नाही.

"राज्यसंस्थेनं."